रुजवात घेणारे अंभोरे काका

अंभोरे काका आमच्या संघटनेच्या खोलीत पहिल्यांदा आले ते माझी चूक हातात घेऊन. आदल्या दिवशी मी मंगरूळपीरच्या बसस्थानकावर पत्रकं वाटली होती. ई-क्लासवर, म्हणजे आमच्याकडच्या सरकारी गायरान जमिनीवर, वर्षानुवर्षं पोट भरणाऱ्या भूमिहीनांची सभा होती. पत्रक मीच लिहिलेलं, मथळा मीच दिलेला, त्यामुळे अंगात थोडी मिजास होती. सकाळी दार उघडलं तर समोर एक म्हातारा माणूस. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, बगलेत लाकडी फूटपट्टी. जयभीम घातला, न विचारता बसले आणि टेबलावर दोन पत्रकं शेजारीशेजारी ठेवली.

"हे सकाळचं. हे दुपारचं," ते म्हणाले.

दोन्ही एकच होती. मी तसं सांगितलं. काकांनी सकाळच्या पत्रकाच्या शेवटच्या ओळीखाली फूटपट्टी धरली. मग तीच पट्टी दुपारच्या पत्रकावर धरली. तिथं कोरा कागद होता. पत्रकं कमी पडली म्हणून मी दुपारी समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणल्या होत्या आणि कागद मशीनमध्ये बोटभर सरकला होता.

"सभेची जागा अन् वेळच कापल्या गेली बाई. लोक काय आभाळात जमतीन?"

मला राग आला. आम्ही उन्हातान्हात फिरायचं, साहेब लोकांशी भांडायचं, आणि हा पेन्शनर सावलीत बसून ओळी मोजतो. मी फणकाऱ्यानं म्हटलं की मशीन चुकत नसतं, कागद ठेवताना हलला असेल. त्यावर त्यांनी मान डोलावली, जणू मी त्यांच्याच मनातलं बोलले.

"मशीन चुकत नाई, बराबर हाय. मशीन सोडते. चुकलेलं दिसते पोरी, सुटलेलं दिसत नाई."

त्या सभेला निम्मीच माणसं आली. दुसऱ्या दिवसापासून काका रोज येऊ लागले.

त्यांची सगळी नोकरी जिल्ह्यातल्या एका कचेरीच्या नक्कल विभागात गेली. तुम्ही जुनी नक्कल कधी हातात घेतली असेल तर तिच्या तळाशी दोन नावं पाहिली असतील. एक 'नक्कल करणार' आणि दुसरं 'रुजवात घेणार'. त्याखाली साहेबाची सही. लोक साहेबाची सही पाहतात. काका म्हणायचे, साहेबाचं काय, तो तर न वाचताच सही करतो. कागद खरा होतो तो मधल्या नावानं. रुजवात म्हणजे नक्कल मुळाशी ताडून पाहणं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर पट्टी सरकवत जायची. ओळ जुळली की म्हणायचं, 'हां'. त्याशिवाय पुढची ओळ नाही.

त्यांचे जोडीदार होते सय्यदमियां. सय्यदमियां वाचायचे, काका 'हां' म्हणायचे. नक्कल काकांनी केलेली असली तर उलट. कारण पहिला नियमच असा होता की ज्यानं नक्कल केली त्यानं रुजवात घ्यायची नाही. दोघं मिळून आयुष्यभर एका टेबलाच्या दोन बाजूंना बसले. सय्यदमियांचा आवाज जाड, दर्ग्यापलीकडून आल्यासारखा, आणि 'बिघा'चा उच्चार ते 'बिगा' करायचे, असं काका सांगायचे आणि तसा आवाज काढून दाखवायचे. सय्यदमियां गेल्यावर काकांनी नोकरीची उरलेली दोन वर्षं कशी काढली हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "मग नवीन पोट्टा आला. त्याले वाचता येत होतं, पन तो थांबत नव्हता."

आणि या कामाची एवढी ओढ का, हेही त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चहा ओतता ओतता. त्यांच्या वडलांनी दीक्षा घेतली होती, पण अक्षर शिकायचं वय निघून गेलं होतं. कागद आला की गावातलं कुणी जे वाचून दाखवेल तोच कागद. "कोनी पन काई पन वाचून दाखवे. बाप मान हलवे. घरी आल्यावर माय विचारे, काय लिहेल होतं? बाप म्हने, त्यानं सांगतलं ते."

आमच्या संघटनेकडे तेव्हा कागदांचे फोटो होते. लाखभर तरी असतील. मानोऱ्याकडचे तांडे, मंगरूळपीरची खेडी, शिरपूरच्या आजूबाजूची वस्ती, सगळीकडे फिरून आम्ही मोबाइलवर काढलेले. ग्रामसभेचे ठराव, पीकपेरा, पंचनामे आणि दंडाच्या पावत्या. ही पावती म्हणजे मोठी गंमत आहे. सरकारनं एके काळी या लोकांना अतिक्रमणदार म्हणून दंड ठोकला. आज तेच सरकार विचारतं की जमीन तेव्हापासून तुमच्याच ताब्यात होती याला पुरावा काय. पुरावा तुमचीच पावती, साहेब. ज्या कागदानं बाईला चोर ठरवलं, त्याच कागदावर आता तिचं शेत उभं आहे.

जमनाबाई राठोडचा सगळा दावा अशा एका पावतीवर होता. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची बाई, नवरा वारलेला, अर्धं वर्ष ऊसतोडीला, अर्धं वर्ष त्या दीड एकराच्या तुकड्यावर. पावती तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुडात खोचली होती. मी तिचा फोटो काढला, पावती परत दिली. त्या साली ती तोडीहून परतली तेव्हा कुडाला वाळवी लागली होती. पिशवी राहिली, आतली माती झाली. तिनं मला फोन करून सांगितलं आणि वर म्हणाली, "पन तुमच्यापाशी हाये ना ताई, मंग काय." मी म्हटलं, आहे.

सगळे फोटो एका जुन्या हार्ड डिस्कवर होते आणि ती डिस्क एक दिवस टकटक करायला लागली. नवी डिस्क आणली. मी सरळ सगळं निवडून कॉपी करणार, तेवढ्यात काकांची फूटपट्टी माझ्या हातावर आली.

"रुजवात कोन घेईन?"

मी हसले. कॉम्प्युटर आहे काका, तोच घेतो. ती हिरवी पट्टी पूर्ण भरली की झालं. काका म्हणाले, पट्टी भरली म्हणजे पट्टी भरली, फायली गेल्या की नाही ते वेगळं. आणि त्या दिवसापासून आमच्या खोलीत एक परीक्षा सुरू झाली, जिच्यावरून मी काकांशी जितकी भांडले तितकी कुठल्या तहसीलदाराशी भांडले नसेन.

फायली कॉपी करायला जगात एक नाही, डझनभर सॉफ्टवेअर आहेत. फुकटची, विकतची, रंगीत, बिनरंगी. मी एकेक उतरवून आणायची आणि काका त्याला परीक्षेला बसवायचे. त्यासाठी त्यांनी एक फोल्डर तयार करवून घेतलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'वांधे'. त्यात एक रिकामी फाईल. एकाच नावाच्या दोन वेगळ्या फायली. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम उघडी ठेवलेली एक. त्यांच्या नातीच्या लग्नाचा भला मोठा व्हिडिओ. आणि एक फाईल अशी, जिचं नाव वाचता वाचता दम लागावा. कॉपी निम्म्यावर आली की काका उठायचे आणि शांतपणे डिस्कची वायर ओढायचे. मी किंचाळायची. ते म्हणायचे, आपल्याकडं लाइन जाते ना, मग सॉफ्टवेअरले सांगून जाते काय?

निकाल वहीत. निळ्या पेनानं नाव, लाल पेनानं गुण. पहिला रकाना: मधात थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं की जिथं सोडलं तिथून. दुसरा: जे सोडलं त्याची यादी देतं की गप राहतं. तिसरा: रुजवात. साधं कॉपी-पेस्ट पहिल्याच फेरीत नापास झालं. एक फुकटचं निघालं भलतं वेगवान. पण सुटलेल्या फायलींचं नाव सांगत नव्हतं, नुसता आकडा सांगायचं. काका म्हणाले, "कितीक सुटले ते सांगते, कोन सुटले ते नाई सांगत. हा तर मंत्री हाय." त्याला शून्य.

मला आवडलं होतं ते तिसरं. देखणं, आणि शेवटी हिरव्या अक्षरांत म्हणायचं की सर्व फायली तपासल्या. मी विजयानं काकांकडं पाहिलं.

"कोनं तपासल्या?"

"त्यानंच."

"म्हनजे चोर पन तोच अन् जमादार पन तोच."

मी वाद घातला. मशीनला कुठं लाज, कुठं लालूच. त्यानं स्वतःचं काम स्वतः तपासलं तर काय बिघडतं? काका वादात आवाज चढवत नसत, हीच त्यांची वाईट खोड होती. ते म्हणाले की सय्यद काही चोर नव्हता आणि मीही नव्हतो. पण ज्यानं ओळ सोडली त्याच्या डोळ्याला ती ओळ दुसऱ्यांदाही दिसत नाही. डोळा तोच ना.

शेवटी पास झालं ते सगळ्यात कुरूप होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना पट्टी ना चित्र. ते कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच होतं, आम्हीच कधी त्याला हाक मारली नव्हती. एक लांबलचक हुकूम लिहायचा की ते मुकाट कामाला लागे. वायर ओढली तर पुन्हा जोडल्यावर राहिलेलंच नेई. लांब नावाला दचकत नसे. उघडी फाईल मिळाली नाही तर थोडं थांबून परत मागून पाही, तरीही नाही मिळाली तर नावानिशी लिहून ठेवी. आणि रुजवातीला आम्ही दुसरंच एक छोटं सॉफ्टवेअर नेमलं, ज्यानं नक्कल केली नव्हती ते. ते प्रत्येक फायलीतून आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ काढायचं; फायलीत कणभर फरक पडला की ओळ पार बदलायची. काका तिला फायलीचा अंगठा म्हणायचे. इकडचा अंगठा, तिकडचा अंगठा, जुळला तर फाईल तीच.

अंगठे कॉम्प्युटरच जुळवायचा. तरीही काका अधूनमधून एखादी फाईल बोट ठेवून निवडायचे आणि मला तिची ओळ मोठ्यानं वाचायला लावायचे. सात, चार, एफ, शून्य. समोर ते कागदावर पट्टी सरकवत. "हां." नऊ, बी, बी, दोन. "हां." मला हे खुळं वाटायचं. दहाव्या ओळीला मी वैतागून भरभर वाचायला लागले की ते 'हां' म्हणायचेच नाहीत, आणि मला थांबावं लागायचं. मी थांबले की मग म्हणायचे. एकदा कामाच्या शेवटी सहज बोलून गेले की सय्यद असता तर एव्हाना त्यानं चहा सांगितला असता. मी उठून चहा सांगितला. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही की मला कुणाच्या खुर्चीवर बसवलं होतं.

हे असं चाललेलं असताना सुनावणीची तारीख आली, आणि काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे अकोल्याला गेले. मोठा भाग नव्या डिस्कवर रुजवातीसह गेला होता. मानोऱ्याचे तांडे तेवढे राहिले होते. जाताना काकांनी काळ्या पडद्याचा तो हुकूम लाल पेनानं कागदावर लिहून भिंतीला चिकटवला आणि म्हणाले, "मी येतपर्यंत जुनी डिस्क पुसू नोको."

आता माझं सांगते. आमच्या संघटनेचा एक नियम मी केला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. बाईच्या फोल्डरला बाईचंच पूर्ण नाव. नवऱ्याच्या नावामागं तिला लपवायचं नाही. तिचं नाव, तिच्या आईचं नाव, बापाचं, माहेरचा तांडा, आताचा तांडा, पोस्ट, तालुका. पुरुषाचं नाव तीन शब्दांत संपायचं, बाईचं दोन ओळी जायचं. जावं, मी म्हणायची, आजवर कापलंच आहे. आणि नव्या डिस्कवर मी या भागासाठी एक फोल्डर केलं, त्यालाही पत्रकाला देते तसा मथळा दिला: 'मानोरा तालुक्यातील भूमिहीन भगिनी-बांधवांच्या न्याय्य हक्काच्या सुनावणीसाठी सादर करावयाचा अंतिम व संपूर्ण संच'. फोल्डरला इतकं लांब नाव कुणी देतं का? मी दिलं.

भिंतीवरचा हुकूम टाइप करायचा मला कंटाळा आला. सुनावणीचं पत्रक अर्धं लिहून झालं होतं, फोन वाजत होता. मी आपलं साधं कॉपी-पेस्ट केलं. मध्येच एक चौकट आली. तिचं म्हणणं होतं की काही फायलींची नावं, वरच्या फोल्डरांची नावं धरून, फार लांब होत आहेत, सोडून देऊ का. तिच्याखाली एक छोटा चौकोन होता: सगळ्यांसाठी हेच करा. मी त्यात खूण केली, 'सोडून द्या' दाबलं आणि पुन्हा पत्रकाकडे वळले. पत्रकात मी तेव्हा काय लिहीत होते तेही आठवतं. प्रशासन गरिबांची दखल न घेता त्यांना सरसकट वगळते, असं लिहीत होते.

पट्टी भरली. मी जुनी डिस्क पुसली आणि शिरपूरच्या कार्यकर्त्यांना देऊन टाकली. टकटकत असली तरी चालेल म्हणाले, त्यांना फोटो ठेवायला जागा हवी होती.

काका परत आले ते काळा चष्मा लावून. बसल्या बसल्या विचारलं, रुजवात झाली? मी म्हटलं, तांड्यांची राहिली, पण पट्टी भरली होती. त्यांनी फूटपट्टी बगलेतून काढून टेबलावर ठेवली. मग मीच एकेक फोल्डर उघडत गेले. पुरुषांची भरलेली होती. बायकांची फोल्डरं होती, नावं होती, आत काही नव्हतं. एकामागून एक, दारावर नाव आणि घर रिकामं. काकांना पडद्यावरचं अजून नीट दिसत नव्हतं, म्हणून मला मोठ्यानं वाचावं लागलं. प्रत्येक नावानंतर मी 'रिकामं' म्हणत होते आणि ते 'हां' म्हणत होते. त्या दिवसाइतकं कठीण वाचन मी आयुष्यात केलेलं नाही.

मला वाटलं, आता ते बोलतील. मी स्वतःहून सांगून टाकलं, चौकटीचं, खुणेचं, सगळं. मला खरं तर त्यांनी रागवायला हवं होतं. ते म्हणाले, "यादी कर. कितीक सुटल्या ते नाई, कोन कोन सुटल्या ते."

शिरपूरला फोन केला, तर डिस्क नव्या फोटोंनी भरून गेली होती. अकोल्याच्या एका दुकानात दिली, चार-दोन कागदांचे तुकडे निघाले. मग आम्ही दोघं बसनं तांड्या-तांड्यावर फिरलो. बहुतेक बायांचे मूळ कागद घरात होते. पुन्हा फोटो काढले, त्याच दिवशी, तिथंच रुजवात. शेवटी राहिली जमनाबाई.

मी तिला कसं सांगितलं ते लिहीत नाही. तिनं हातातलं भांडं घासून पालथं घातलं. मग काकांना म्हणाली, "ह्या ताईवर बोलू नका बाप्पा. मले तर वाळवीनं खाल्लं, हिले मशीननं खाल्लं."

काका तिच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी तिला एकच गोष्ट विचारली. दंड झाला त्या दिवशी अजून कोणाकोणाला झाला? जमनाबाईला वाचता येत नव्हतं, पण त्या दिवशी माणसं कोणत्या क्रमानं उभी होती ते डोळ्यांसमोर होतं. पहिले देवला. मग गोबरा. मग खाली बसलेली लंगडी चंदी. मग ती आणि तिचा नवरा सोमला. काकांनी नावं लाल पेनानं वहीत घेतली, तिला वाचून दाखवली आणि सांगितलं, "मी वाचतो. बराबर असन तर हां म्हनजो, नाई तं थांब म्हनजो." जमनाबाईनं सगळ्या नावांना हां म्हटलं.

पावतीचा मूळ आधार कचेरीत असतो, हे काकांना ठाऊक होतं. गावाची अतिक्रमणाची नोंदवही असते, दंड झालेल्या प्रत्येकाचं नाव तिच्यात चढतं. आम्ही अर्ज केला. एका कचेरीतून उत्तर आलं की सदर अभिलेख आढळून येत नाही. मी तिथल्या तिथं निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. काकांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाले, आढळत नाही म्हणजे कुणी पाहिलं नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज देऊन त्यांनी स्वतः रेकॉर्ड पाहायची परवानगी काढली, सोमवार दुपारची. आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी ते दर सोमवारी त्या खोलीत बसू लागले. लाल फडक्यात बांधलेले जुन्या वह्यांचे बस्ते, ना क्रम ना यादी. इकडे सुनावणीत बाकीच्यांचे दावे पुढे सरकले. जमनाबाईचा 'पुराव्याअभावी प्रलंबित' राहिला.

मी पहिले दोन-तीन सोमवार गेले. मग मोर्चा होता, मग वाशीमला धरणं, मग पुन्हा काही. काका कधी म्हणाले नाहीत की ये. एकदाच म्हणाले की एकट्यानं वाचलं की नाव डोळ्याखालून निसटते, म्हणून प्रत्येक पान दोनदा वाचावं लागतं, म्हणून उशीर होऊन राह्यला. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी नक्की येते काका.

तो सोमवार आलाच नाही. थंडीत, एका गुरुवारी सकाळी, अंगणात दात घासता घासता ते गेले. मी वाशीमच्या बसस्थानकावर पत्रकं वाटत होते. फोन आला तेव्हा हातात गठ्ठा होता. मी तो तिथल्या बाकड्यावर ठेवला आणि परत उचलला नाही.

त्यांच्या मुलीनं नंतर ती वही मला आणून दिली. पुढच्या बाजूनं सॉफ्टवेअरचे गुण होते. मागच्या बाजूनं सोमवार. बस्त्याचा क्रमांक, वही, पान. शेवटच्या नोंदीखाली लिहिलं होतं, 'इथपर्यंत पाहिलं. पुढचं पाहणं बाकी.' आणि खाली सवयीनं ओढलेल्या दोन ओळी. एकीवर त्यांची सही. दुसरी, रुजवातीची, कोरी. त्यांच्या समोर बसायला कुणी नव्हतं ना. मी नव्हते.

पुढच्या सोमवारी मी गेले. त्याच्या पुढच्याही. धूळ, फडकी, कोपऱ्यातल्या पंख्याची घरघर. मी वाचायची आणि ओळीच्या शेवटी थांबायची. समोरून काही यायचं नाही. मग पुढची ओळ. मोर्च्यात हजार माणसं माझ्या घोषणेला उत्तर देतात. मला त्या खोलीत एका म्हाताऱ्या आवाजातलं एक अक्षर हवं होतं.

उन्हाळ्यात जमनाबाई तोडीहून परत आली आणि म्हणाली, "मी येतो ताई." मी म्हटलं, तुला वाचता येत नाही, बसून काय करशील? ती म्हणाली, "काकानं शिकवलं हाय मले." ती काकांच्या खुर्चीवर बसली नाही, खाली फरशीवर बसली, भिंतीला टेकून. मी वाचायला लागले. एका गावाची वही संपली, दुसरी उघडली. प्रत्येक नावाला ती 'हां' म्हणत होती. दुपार कलली. माझे डोळे ओळींवरून घसरायला लागले, मी भरभर वाचायला लागले.

"थांब," जमनाबाई म्हणाली.

मी मागं गेले. देवला. पुढं गोबरा. पुढं चंदी. मी बोट धरून सुटलेली चौथी ओळ वाचली: जमना जौजे सोमला. जौजे म्हणजे अमक्याची बायको. मी ज्या एका शब्दाविरुद्ध चार पत्रकं काढली, त्याच शब्दाच्या पाठीला धरून ती त्या वहीत उभी होती. पुढं गट नंबर, पिकाखाली ज्वारी, दंड. सगळं.

मी ओळ कागदावर उतरवून घेतली. कारकुनाला बोलावलं. तरुण पोरगा होता, भला होता. त्यानं मूळ वाचलं, मी माझ्या कागदावर पट्टी सरकवली आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यासाठी थांबले. खरी नक्कल कचेरी रीतसर देईल, तिच्यावर शिक्का असेल, जमनाबाईच्या दाव्यात ती लागेल. पण या माझ्या कागदाच्या तळाशी मी दोन ओळी ओढल्या. पहिलीवर माझं नाव लिहिलं. दुसरी कोरी ठेवून बसले.

जमनाबाई उठून जवळ आली. त्या कोऱ्या जागेवर तिनं बोट ठेवलं, खरखरीत, कोयत्यानं चिरलेलं.

"काका इथंच सही करत होते काय ताई?"

"हां," मी म्हटलं.